दोष, न्याय आणि प्रेक्षकमत : घटस्फोट कायद्यावरील कोरियन दूरचित्रवाणी मालिकांचा चिकित्सक अभ्यास

सारांश :

घटस्फोट हा दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणी मालिकांचा जुना विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या मालिकांचे स्वरूप बदलले आणि त्याबरोबर प्रेक्षकांच्या मताचे स्वरूपही बदलले. प्रस्तुत लेखात ‘सारांग-ग्वा जोनजेंग’ (प्रेम आणि युद्ध), ‘डिव्होर्स अटर्नी शिन’ (२०२३) व ‘गुड पार्टनर’ (२०२४) या तीन मालिकांच्या आधारे प्रेक्षकमत व कोरियन घटस्फोट कायदा यांचा परस्परसंबंध तपासला आहे. प्रेक्षकमत प्रामुख्याने ‘दोषी कोण?’ या प्रश्नाभोवती फिरते. कायद्यात मात्र दोषाचे स्थान मर्यादित आहे. या दोहोंमधील अंतर मालिका कशा हाताळतात, हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजशब्द : घटस्फोट, दोषतत्त्व, अपत्याचा ताबा, मालमत्ता विभागणी, प्रेक्षकमत, कोरियन मालिका.

१. प्रस्तावना :

दूरचित्रवाणी मालिका हे केवळ मनोरंजनाचे साधन नसून समाजमनाचे दर्शन घडविणारे माध्यम आहे, असे नेहमी म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. मालिका समाजमन दाखविते तसेच ते घडविते, आणि ज्या विषयाचा सामान्य माणसाशी प्रत्यक्ष संबंध क्वचित येतो त्या विषयाचे बहुतेक ज्ञान त्याला मालिकेतूनच मिळते. कायदा हा असा विषय होय. न्यायालयाची पायरी न चढलेल्या माणसालाही घटस्फोटाच्या खटल्यात काय होते याविषयी काही ठाम कल्पना असतात. या कल्पना बहुतांशी पडद्यावरून आलेल्या असतात.

दक्षिण कोरियात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तेथे २००३ मध्ये सुमारे १ लाख ६७ हजार घटस्फोट नोंदविले गेले. पुढे ही संख्या उतरत गेली आणि २०२३ मध्ये ती सुमारे ९२ हजार झाली. या काळात कुटुंबविषयक कायद्यातही मूलगामी बदल झाले. मालिका, प्रेक्षक आणि कायदा हे तिन्ही घटक एकाच काळात बदलत असल्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करणे उपयुक्त ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कोरियन घटस्फोट कायद्यातील ‘दोष’ या संकल्पनेचे नेमके स्थान स्पष्ट करणे.
२) निवडक मालिकांतून प्रेक्षकाला दिलेली भूमिका तपासणे.
३) प्रेक्षकमत व कायद्याचे वास्तव यांतील अंतराची चिकित्सा करणे.

३. कायद्याची पार्श्वभूमी :

कोरियाची नागरी संहिता १९५८ मध्ये संमत झाली व १ जानेवारी १९६० पासून अमलात आली. तिच्यात घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. पहिला परस्परसंमतीचा आणि दुसरा न्यायालयीन. बहुसंख्य घटस्फोट पहिल्या मार्गाने होतात. २००८ पासून संमतीच्या घटस्फोटासाठी विचारकाळाची अट आहे. अपत्ये असल्यास तीन महिने व नसल्यास एक महिना थांबावे लागते. न्यायालयीन घटस्फोटासाठी संहितेच्या ८४० व्या कलमात सहा कारणे दिली आहेत. त्यांत व्यभिचार, दुष्ट हेतूने केलेला त्याग, जोडीदाराने किंवा त्याच्या आईवडिलांसारख्या वडीलधाऱ्यांनी दिलेली अत्यंत अन्यायकारक वागणूक, आपल्या वडीलधाऱ्यांना जोडीदाराने दिलेली तशीच वागणूक, जोडीदार तीन वर्षांहून अधिक काळ हयात आहे की नाही हे न समजणे, आणि विवाह पुढे चालविणे कठीण करणारे अन्य गंभीर कारण यांचा समावेश होतो. सासूसासऱ्यांच्या वागणुकीला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळावे, ही गोष्ट कोरियन कुटुंबव्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

मूळ संहितेत स्त्रीची बाजू दुबळी होती. घटस्फोटानंतर अपत्याविषयी करार झाला नसेल तर संगोपनाची जबाबदारी पित्याकडे जात असे. ही स्थिती बदलण्याच्या चळवळीत ली ते-यंग यांचे कार्य पायाभूत आहे. कोरियाच्या त्या पहिल्या महिला वकील होत. १९५६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी कायदेविषयक सल्लाकेंद्र सुरू केले. १९७५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० च्या दुरुस्तीने पित्याचा हा अग्रहक्क संपला आणि घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेची विभागणी मागण्याचा अधिकार मिळाला. ही दुरुस्ती १९९१ पासून लागू झाली. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावाने कुटुंबाची नोंद करणारी ‘होजू’ पद्धत २००५ मध्ये घटनेशी विसंगत ठरली आणि २००८ च्या प्रारंभी संपुष्टात आली.

२०१५ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. व्यभिचाराला दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देणारी दंडसंहितेतील तरतूद त्या वर्षी २६ फेब्रुवारी रोजी घटना न्यायालयाने रद्द केली. यापूर्वी चार वेळा हीच तरतूद त्या न्यायालयाने टिकवून धरली होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने एक वेगळा निर्णय दिला. विवाह मोडण्यास जो मुख्यतः जबाबदार आहे त्याला सामान्यतः घटस्फोट मागता येणार नाही, हे जुने तत्त्व न्यायालयाने कायम ठेवले. निरपराध जोडीदाराला, विशेषतः आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या पत्नीला, घराबाहेर काढण्याचे साधन म्हणून घटस्फोट वापरला जाऊ नये, ही त्यामागील प्रमुख चिंता होती. मात्र काही अपवादांची व्याप्ती न्यायालयाने वाढविली. अशा रीतीने एकाच वर्षी व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटातील दोषाचे महत्त्व टिकून राहिले.

४. दोषाची कायदेशीर मर्यादा :

कोरियन कायद्यात दोष नेमका कोठे लागू पडतो, हे पाहण्यासाठी घटस्फोटातील चार प्रश्न वेगळे करणे आवश्यक आहे. (अ) घटस्फोट मागण्याचा अधिकार कोणाला? येथे दोष महत्त्वाचा आहे. (आ) मनस्तापाची भरपाई कोणी द्यावी? येथेही दोष महत्त्वाचा आहे आणि ही भरपाई विवाहबाह्य संबंधातील तिसऱ्या व्यक्तीकडूनही मागता येते. (इ) मालमत्तेची विभागणी कशी व्हावी? येथे दोषाऐवजी मालमत्ता मिळविण्यात व राखण्यात दोघांचे योगदान किती, हे पाहिले जाते. घरकाम व अपत्यसंगोपन हेही योगदान मानले जाते, आणि दोषी जोडीदारालाही विभागणी मागता येते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भविष्यात मिळणारी निवृत्तीची रक्कमही विभागणीस पात्र ठरविली. (ई) अपत्य कोणाकडे राहावे? येथे अपत्याचे हित हा निकष आहे. वाईट पती म्हणजे वाईट पिता, किंवा वाईट पत्नी म्हणजे वाईट आई, असे समीकरण कायदा मानत नाही.

म्हणजे चारांपैकी दोन प्रश्नांना दोष स्पर्श करतो व दोन प्रश्न मुख्यतः त्याच्या बाहेर राहतात. प्रेक्षक मात्र हे चारही प्रश्न एकच मानतो. जो फसवितो त्याने घर गमवावे, पैसा गमवावा आणि मूलही गमवावे, अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. घटस्फोटावरील कोणत्याही मालिकेची खरी कसोटी या अपेक्षेला ती कसा प्रतिसाद देते यावर अवलंबून आहे.

५. प्रेक्षक मध्यस्थाच्या भूमिकेत :

केबीएस वाहिनीवर १९९९ ते २००९ या काळात ‘सारांग-ग्वा जोनजेंग’ ही मालिका चालली व २०११ ते २०१४ या काळात तिचे दुसरे पर्व प्रसारित झाले. प्रत्येक भागात एका जोडप्याचा कलह नाट्यरूपात मांडला जाई आणि अखेरीस ते जोडपे समेट समितीपुढे येई. समितीच्या प्रमुखाची भूमिका करणारे ज्येष्ठ अभिनेते शिन गू यांचे ‘चार आठवड्यांनी भेटू’ या अर्थाचे वाक्य कोरियात घरोघरी परिचित झाले. या जोडप्याने विभक्त व्हावे की नाही, यावर प्रेक्षकांकडूनही अनुकूल वा प्रतिकूल मते मागविली जात.

या रचनेत प्रेक्षकाला मध्यस्थाची भूमिका होती. त्याला विचारलेला प्रश्न ‘कोणाला शिक्षा द्यावी?’ असा नसून ‘हा विवाह टिकावा काय?’ असा होता. निकाल न देता चार आठवड्यांचा अवधी देऊन भाग संपविणे ही मालिकेची मर्यादा वाटली तरी तेच तिचे वैशिष्ट्यही होते. दुसरीकडे हेही नोंदविले पाहिजे की, भडक प्रसंगांची योजना, छळणारी सासू व रडणारी सून यांसारख्या ठरावीक पात्रांची पुनरावृत्ती यांमुळे प्रेक्षकाचे मत विचाराआधीच एका बाजूला झुकविले जाई. मत मागविले जाई, पण विचार करण्यासाठी लागणारी सामग्री दिली जात नसे. विभक्त झाल्यावर त्या स्त्रीने कशावर जगावे, हा प्रश्न मतदानाच्या कक्षेत येतच नव्हता.

६. प्रेक्षक न्यायाधीशाच्या भूमिकेत :

एसबीएस वाहिनीवर १२ जुलै ते २० सप्टेंबर २०२४ या काळात सोळा भागांची ‘गुड पार्टनर’ ही मालिका प्रसारित झाली. तिच्या लेखिका चोई यू-ना या स्वतः घटस्फोटाचे खटले चालविणाऱ्या वकील आहेत. सतरा वर्षांचा अनुभव असलेली नामांकित वकील चा उन-क्यंग (जांग ना-रा) आणि नवशिकी वकील हान यू-री (नाम जी-ह्यन) या दोघींभोवती कथानक उभे आहे. इतरांचे घटस्फोट लढविणाऱ्या चा उन-क्यंगच्या पतीचे तिच्याच साहाय्यक स्त्रीशी संबंध असतात, आणि आपला खटला ती हान यू-रीकडे सोपविते.

या मालिकेला लाभलेला प्रतिसाद मोठा होता. पॅरिस ऑलिंपिकमुळे प्रसारणात खंड पडूनही प्रेक्षकसंख्येचे प्रमाण सतरा टक्क्यांपलीकडे गेले. जांग ना-रा यांना २०२४ च्या एसबीएस नाट्यपुरस्कारांत सर्वोच्च पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांचा रोष किती तीव्र होता याचे एक बोलके उदाहरण म्हणजे पतीची भूमिका करणारे अभिनेते जी सुंग-ह्यन यांनी त्या पात्राच्या वर्तनाबद्दल गंभीर मुद्रेने ‘जाहीर माफी’ मागणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. हा प्रसिद्धीचा विनोदी भाग होता हे उघड आहे. तथापि असा विनोद सुचावा व तो सर्वांना समजावा, यातच प्रेक्षकमताची दिशा दिसून येते. प्रेक्षक पतीविरुद्ध निकाल देऊन मोकळा झाला होता आणि आता फक्त शिक्षेची वाट पाहत होता.

कोरियन प्रेक्षकांच्या बोलण्यात अशा अनुभवासाठी दोन रूढ शब्द आहेत. दुष्टाला तत्काळ धडा मिळाला की तो प्रसंग ‘सायडर’ ठरतो. कोरियात सायडर म्हणजे सोड्यासारखे गोड फसफसणारे पेय. ते प्यायल्यावर छातीतली कोंडी फुटते असा भाव त्यामागे आहे. अन्याय लांबत राहिला की तो प्रसंग ‘गोगुमा’ म्हणजे रताळे ठरतो, कारण कोरडे रताळे घशात अडकते. हे शब्द गमतीचे असले तरी त्यांत एक निकष दडलेला आहे. मालिकेचे मूल्य ती घशातला घास किती लवकर उतरविते यावर ठरते. खटला मात्र स्वभावतःच रताळ्यासारखा असतो. पुरावे, तारखा, तपासणी व समेटाचे प्रयत्न यांतून तो सावकाश पुढे सरकतो.

‘गुड पार्टनर’चे यश असे की, तिने प्रेक्षकाला सायडर दिले आणि त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही समोर ठेवला. चा उन-क्यंग ही फसविली गेलेली पत्नी आहे, पण कामात बुडालेली आईही आहे. मुलीच्या रोजच्या संगोपनात वडिलांचा वाटा तिच्यापेक्षा मोठा राहिला आहे. वर नमूद केलेला चौथा प्रश्न येथे धारदारपणे उभा राहतो. पती म्हणून दोषी असलेला हा पुरुष पालक म्हणून अधिक योग्य असू शकतो काय? प्रेक्षकाला नको असलेला हा प्रश्न विचारण्याचे धैर्य लेखिकेने दाखविले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या प्रश्नाचे उत्तर देताना मालिका मागे सरते. वडिलांचे संबंध मुलीला कळतात आणि अखेर ती आईबरोबर राहते. यामुळे कायद्याने दाराबाहेर ठेवलेला दोष मुलीच्या डोळ्यांतून पुन्हा आत येतो. मुलीने वडिलांचा विश्वासघात पाहिलाच नसता तर काय झाले असते, याचा विचार प्रेक्षकाला करावा लागत नाही. त्याला हवा असलेला निकाल मिळतो आणि तो अपत्याच्या हिताच्या नावाने मिळतो. आई बदलते, मुलीला वेळ देऊ लागते, हे चित्रण हृद्य आहे. परंतु समाजातील बहुतेक अशा मुलांना दोन्ही पालक हवे असतात आणि त्यांच्यासमोर एवढी सोपी निवड नसते. आपले मत विचारले जाणे म्हणजे एकाला नाकारणे, हे ओझे मुलाच्या खांद्यावर पडते. मालिकेने हे ओझे दाखविले, पण त्याचे वजन प्रेक्षकाला पुरेसे जाणवू दिले नाही.

७. प्रेक्षक अशिलाच्या बाजूने :

‘डिव्होर्स अटर्नी शिन’ ही जेटीबीसी वाहिनीवरील बारा भागांची मालिका ४ मार्च ते ९ एप्रिल २०२३ या काळात प्रसारित झाली व नेटफ्लिक्समुळे कोरियाबाहेरही पोहोचली. कांग ते-क्यंग यांच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. पूर्वी पियानोवादक असलेला शिन सुंग-हान (चो सुंग-वू) बहिणीच्या दुर्दैवी आयुष्यामुळे घटस्फोटाच्या वकिलीकडे वळतो. त्याची पहिली महत्त्वाची अशील ली सो-जिन ही नभोवाणीवरील परिचित निवेदिका आहे. तिचे विवाहबाह्य संबंध चित्रफितीमुळे चव्हाट्यावर आले आहेत. सारा समाज तिला दोषी मानतो आणि तिला तर आपल्या मुलाचा ताबा हवा आहे.

येथे मालिकेने मांडणी उलटी केली आहे. दोषी व्यक्तीच अशील आहे आणि प्रेक्षकाला वकिलाबरोबर तिच्या बाजूला बसावे लागते. ली सो-जिनचा दोष वकील नाकारत नाही. तो दोष ताब्याच्या प्रश्नाशी अप्रस्तुत आहे, एवढेच तो दाखवू पाहतो. पत्नीने काय केले, यावरून लक्ष हटवून मूल कोणत्या घरात कसे जगत आहे, याकडे ते वळविले जाते. कायद्यातील भेद स्पष्ट करण्याचे काम कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका प्रकरणाने अधिक प्रभावीपणे केले आहे.

या मालिकेची उणीव वेगळी आहे. नायकाच्या बहिणीच्या पूर्वकथेतून सूडाचा एक धागा अखेरपर्यंत चालू राहतो. त्यामुळे इतर अशिलांच्या बाबतीत संयमी असलेली मालिका स्वतःच्या घरच्या प्रश्नात पुन्हा दोषाच्या भाषेकडे वळते. तरीही दोन मालिकांची तुलना करता ‘गुड पार्टनर’ प्रेक्षकाच्या मताला मान देते, तर ‘डिव्होर्स अटर्नी शिन’ त्या मताला प्रश्न विचारते, असे म्हणता येईल. लोकप्रियतेत पहिली पुढे गेली, यात आश्चर्य नाही.

८. ‘वास्तवदर्शी’ या अभिप्रायाची चिकित्सा :

‘गुड पार्टनर’विषयी वास्तवदर्शी हा अभिप्राय वारंवार व्यक्त झाला आणि त्याचे श्रेय लेखिकेच्या वकिली अनुभवाला दिले गेले. कार्यालयातील व्यवहार, अशिलांचे खोटे बोलणे, पुराव्यांची जमवाजमव या बाबतींत हा अभिप्राय रास्त आहे. परंतु प्रसंग खरे असणे आणि चित्र खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य घटस्फोट संमतीने, वकिलांच्या लढाईशिवाय होतात. ते मालिकेच्या कामाचे नाहीत. म्हणून खऱ्या प्रसंगांतूनही अपवादाचे चित्र उभे राहते.

याहून महत्त्वाचे वगळणे म्हणजे निकालानंतरचा काळ. घटस्फोटित पालकाकडून अपत्याच्या संगोपनाचा खर्च प्रत्यक्षात वसूल होणे, ही कोरियातील दीर्घकाळची समस्या आहे. त्यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र यंत्रणा स्थापन करावी लागली आणि १ जुलै २०२५ पासून शासनाने हा खर्च आधी देऊन नंतर थकबाकीदार पालकाकडून वसूल करण्याची योजना सुरू झाली. मालिका निकालाच्या क्षणी टाळ्या घेते. एकट्या आईचा खरा लढा त्यानंतर सुरू होतो आणि त्याविषयी प्रेक्षकाचे मत तयारच होत नाही. जे मत तयार होत नाही त्याचा दबाव शासनावरही येत नाही.

९. भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने :

कोरियन मालिका पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला यांतील बरेच काही परिचित वाटेल. आपल्याकडेही हिंदू विवाह कायदा, १९५५ हा मुख्यतः दोषाच्या कारणांवर उभा आहे. परस्परसंमतीची तरतूद त्यात १९७६ मध्ये आली. व्यभिचाराचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. विवाह पूर्णतः कोलमडला असल्यास आपल्या विशेष अधिकारात घटस्फोट देता येईल, असे त्या न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मात्र कौटुंबिक न्यायालयांना ते कारण उपलब्ध नाही. एक भेद मात्र मूलभूत आहे. योगदानाच्या आधारे वैवाहिक मालमत्तेची विभागणी मागण्याचा जो अधिकार कोरियन पत्नीला १९९१ पासून आहे तसा सर्वसाधारण अधिकार या कायद्यात नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे पतिपत्नींच्या मालमत्तेच्या समाईकत्वाची पद्धत आहे, हा अपवाद होय. पडद्यावरील न्यायाला दाद देताना हा भेद लक्षात न घेतल्यास परक्या कायद्याचे समाधान आपल्या कायद्याच्या नावावर जमा होण्याचा धोका आहे.

१०. निष्कर्ष :

१) कोरियन घटस्फोट कायद्यात दोषाचे स्थान दावा दाखल करण्याचा अधिकार व मनस्तापाची भरपाई यांपुरते प्रमुख आहे, मालमत्ता विभागणी व अपत्याचा ताबा यांचे निकष स्वतंत्र आहेत.
२) मालिकांतील प्रेक्षकाची भूमिका मध्यस्थापासून न्यायाधीशाकडे सरकली आहे. त्यामुळे प्रेक्षकमत अधिक ठाम झाले, पण अधिक समंजस झाले असे नाही.
३) ‘गुड पार्टनर’ ताब्याचा अवघड प्रश्न उपस्थित करते, मात्र त्याचे उत्तर प्रेक्षकाच्या नैतिक समाधानाशी जुळवून घेते. ‘डिव्होर्स अटर्नी शिन’मधील ली सो-जिनचे प्रकरण दोष व पालकत्व यांतील भेद अधिक प्रामाणिकपणे मांडते.
४) निकालानंतरचे जीवन, विशेषतः संगोपनखर्चाची वसुली, हा विषय या मालिकांच्या व पर्यायाने प्रेक्षकमताच्या परिघाबाहेर राहिला आहे.

समारोप :

२०१५ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी दोषतत्त्व टिकविले ते दुबळ्या जोडीदाराच्या रक्षणासाठी. प्रेक्षकही दोषाचाच आग्रह धरतो, पण त्याचे लक्ष रक्षणापेक्षा शिक्षेकडे अधिक असते. शिक्षेची इच्छा एका भागात पूर्ण होऊ शकते. रक्षणासाठी मात्र मालमत्तेचा वाटा, दरमहा वेळेवर मिळणारा खर्च आणि दोन्ही घरांत जाऊ शकणारे मूल या गोष्टी लागतात. त्या नाट्यमय नाहीत. त्यांनाही कथेत जागा मिळाली तर घटस्फोटावरील मालिका कायद्याविषयीचे लोकमत खऱ्या अर्थाने प्रगल्भ करू शकेल.